चौदा वर्षं उशिरा मिळालेली पत्रं : ‘द नोटबुक’ने निराश केलं, म्हणजे नेमकं काय झालं?

लोकप्रिय कादंबरीवर संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून एक वाक्य हमखास लिहिलं जातं : ‘प्रस्तुत कादंबरी लोकप्रिय असली तरी ती वाचकाची निराशा करते.’ वाक्य दिसायला भारदस्त आहे. पण मुलाखतीत समोरच्यांनी शांतपणे विचारलं, ‘कोणत्या वाचकाची? कशाबद्दल? कुठल्या प्रकरणात?’ की गाडी तिथेच अडते. कारण आपल्या हातात असतो तो एक अनुभव. त्याचं विधान अजून झालेलं नसतं.

निराशा ही वाईट गोष्ट नाही. उलट, संशोधनाची सुरुवात करायला ती कौतुकापेक्षा बरी. पुस्तक आवडलं की आपण फारसे प्रश्न विचारत नाही. मन खट्टू झालं की मात्र ‘इथे काहीतरी चुकलंय’ असं वाटत राहतं. ते ‘काहीतरी’ शोधून काढणं हे आपलं काम. आज ते एका पुस्तकावर करून बघू या. पुस्तक मुद्दाम सगळ्यांच्या ओळखीचं घेतलं आहे : निकोलस स्पार्क्सची ‘द नोटबुक’. पुढे कथानक शेवटापर्यंत उघड होणार आहे. वाचायची असेल तर आधी वाचून या.

आधी पुस्तक, मग मत

‘द नोटबुक’ १९९६ साली वॉर्नर बुक्सने प्रसिद्ध केली. स्पार्क्सची ही प्रकाशित झालेली पहिली कादंबरी. गोष्ट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या न्यू बर्न या गावात घडते. १९३२च्या उन्हाळ्यात नोआ आणि अ‍ॅली भेटतात. तो कष्टकरी घरातला, ती श्रीमंत घरातली. उन्हाळा संपतो, ती आईवडिलांबरोबर निघून जाते. तो पत्रं लिहीत राहतो. तिच्याकडून उत्तर येत नाही. मधे महायुद्ध होऊन जातं. १९४६ साली, म्हणजे १४ वर्षांनी, अ‍ॅलीचं लॉन नावाच्या यशस्वी वकिलाशी लग्न ठरलेलं असताना तिला वर्तमानपत्रात नोआचा आणि त्याने दुरुस्त केलेल्या जुन्या घराचा फोटो दिसतो आणि ती त्याला भेटायला येते. तेव्हा कळतं की त्याची पत्रं तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिच्या आईने ती लपवून ठेवली होती.

या सगळ्याभोवती एक चौकट आहे. ८० वर्षांचा एक म्हातारा वृद्धांच्या शुश्रूषागृहात एका स्त्रीला वहीतून ही गोष्ट रोज वाचून दाखवतो आहे. तिला अल्झायमर आहे. तो नोआ आहे आणि ती अ‍ॅली, हे आपल्याला हळूहळू कळतं.

इथेच एक व्यावहारिक सूचना. २००४ साली निक कॅसावेट्सने दिग्दर्शित केलेला चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तर तो काही काळ बाजूला ठेवा. चित्रपटात नोआ वर्षभर रोज एक याप्रमाणे ३६५ पत्रं लिहितो. हा आकडा चित्रपटाचा आहे, कादंबरीचा नाही. अ‍ॅलीचं माहेरचं आडनावसुद्धा दोन्हीकडे वेगळं आहे. कादंबरीवरच्या प्रबंधात चित्रपटातला प्रसंग पुरावा म्हणून दिला गेला, तर परीक्षकाचा पुढच्या पन्नास पानांवरचा विश्वास उडतो. आणि पुढे बघाल, माझा एक मुख्य मुद्दा कादंबरीबद्दल खरा आहे, चित्रपटाबद्दल तितकासा नाही.

कबूल काय केलं होतं?

आता निराशेकडे येऊ. अपेक्षा असल्याशिवाय अपेक्षाभंग होत नाही, हे उघड आहे. पण ती अपेक्षा कुणी निर्माण केली, पुस्तकाने की आपण, हा पहिला खरा प्रश्न.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७च्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या व्याख्यानापासून ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही कल्पना रुजवली. ढोबळमानाने सांगायचं तर, कुठलाही वाचक कोरा नसतो. साहित्यप्रकाराची ओळख, आधी वाचलेली पुस्तकं, भाषेचा सराव यांतून त्याच्यासमोर एक क्षितिज तयार झालेलं असतं आणि नवं पुस्तक तो त्यासमोर ठेवून वाचतो. आता गंमत बघा. याउसच्या मांडणीत क्षितिजाला धक्का बसणं हा दोष नाही; बऱ्याचदा मोठं साहित्यच तसा धक्का देतं. म्हणून ‘माझ्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत, सबब पुस्तक वाईट’ असा निष्कर्ष याउसच्या आधाराने काढता येत नाही. (परिभाषेचा हा असा वापर आराखड्यांत बराच दिसतो. टाळा.)

मग माझी अपेक्षा काय होती? ‘सेकंड चान्स रोमान्स’ म्हणून जो साचा ओळखला जातो, त्यात दोघं एकदा जवळ आलेली असतात, तुटतात, आणि बऱ्याच काळाने पुन्हा समोर येतात. नुसतं प्रेम जमण्यापेक्षा इथे एक गोष्ट जास्तीची असते : मधला तुटलेला काळ. त्यामुळे हा साचा आपसूक दोन प्रश्न उभे करतो. तेव्हा का तुटलं? आणि आता असं काय बदललंय, की पुन्हा तुटणार नाही? ही अपेक्षा माझ्या पदरची नाही. ‘दुसरी संधी’ या शब्दांतच ती आहे. पहिली संधी कुणीतरी, कशाने तरी गमावली असल्याशिवाय दुसरी कशी असेल?

पामेला रेजिस यांनी ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’ (२००३) या ग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे अडथळा. तो बाहेरचा असू शकतो (घरचा विरोध, पैसा, अंतर) किंवा आतला (अहंकार, भीती, गैरसमज). हा भेद डोक्यात ठेवा, आपल्याला तो लगेच लागणार आहे.

एक आक्षेप मात्र आधीच नोंदवून ठेवू. स्पार्क्स स्वतः आपल्या पुस्तकांना ‘रोमान्स’ म्हणवून घ्यायला तयार नसतात. आपण प्रेमकथा लिहितो, असं त्यांचं म्हणणं. रोमान्स प्रकाराचे चाहतेही सुखान्त नसलेलं पुस्तक आपल्या फडताळात ठेवत नाहीत. तेव्हा ‘द नोटबुक’ला त्या प्रकाराचे सगळे नियम लावणं अन्यायाचं होईल. मी फक्त एक नियम लावतो आहे : १४ वर्षांनी पुन्हा भेटणाऱ्या दोघांची गोष्ट सांगायला घेतलीत, तर त्या १४ वर्षांचा हिशेब द्या.

पत्रं लपवली, आणि सगळेच सुटले

हा हिशेब कादंबरी कसा देते? आईने पत्रं लपवली. बस्स.

या एका युक्तीने काय होतं ते नीट बघा. नोआने लिहायचं ते लिहिलं होतं, त्याचा दोष नाही. अ‍ॅलीला पत्रं मिळालीच नाहीत, तिचा दोष नाही. तुटण्याचं सगळं ओझं आईच्या खांद्यावर जातं. आणि आईसुद्धा पुढे स्वतः न्यू बर्नला येते, लॉन येतोय अशी सूचना देते, पत्रांचा गठ्ठा मुलीच्या हातात ठेवते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. म्हणजे शेवटी तीही सुटली. अडथळा पूर्णपणे बाहेरचा आहे. आणि तो इतका बाहेरचा आहे, की एका गठ्ठ्याच्या देवाणघेवाणीत संपतो.

मग १९४६मध्ये घडतं ते काय? मला वाटतं, ती दुसरी संधी नव्हेच. ती पहिलीच संधी आहे, १४ वर्षं उशिरा आलेली. टपाल उशिरा पोचलं, एवढंच. दोघंही जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघतात. नोआ युद्धावर जाऊन आला आहे, अ‍ॅली दुसऱ्याला शब्द देऊन बसली आहे. पण या काळाने त्यांच्या प्रेमाच्या समजुतीत काही फरक पाडला का, हे कादंबरी विचारत नाही. उलट ‘काहीच बदललं नाही’ हीच तिच्या दृष्टीने या प्रेमाची थोरवी आहे.

माझ्या निराशेचं पहिलं नाव हे. पण याचं विधान करण्याआधी ते तपासून घ्यायला हवं. तपासायचं कसं? तुलनेने. आणि तुलना हवी ती अशा पुस्तकाशी, ज्यात हाच साचा आहे पण अडथळा वेगळ्या जागी ठेवला आहे.

ऑस्टिनने काय खोडलं

जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ १८१७च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झाली. अ‍ॅन एलियट २७ वर्षांची आहे. १९व्या वर्षी तिने फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातल्या तरुणाशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. पैसा नाही, भविष्याची खात्री नाही, असं आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने समजावलं म्हणून. आठ वर्षांनी वेंटवर्थ कॅप्टन होऊन, पैसा मिळवून परत येतो आणि मनात अढी धरून आहे.

इथेही वडीलधाऱ्या बाईचा हात आहे. पण तिने काही लपवलेलं नाही. तिने सल्ला दिला आणि अ‍ॅनने तो मानला. निर्णय अ‍ॅनचा होता. आणि वेंटवर्थचं काय? शेवटी तो स्वतःहून कबूल करतो की वेगळे झाल्यावर दोनेक वर्षांत, हाती थोडा पैसा आणि जहाज आल्यावर, त्याने अ‍ॅनला लिहिलं असतं तर ती हो म्हणाली असती. त्याने लिहिलं नाही. का? अभिमान. म्हणजे आठातली सहा वर्षं त्याच्या स्वतःच्या खात्यावर आहेत. पत्र इथेही आलं नाही. पण नोआची पत्रं कुणीतरी दाबून ठेवली होती, वेंटवर्थचं पत्र लिहिलंच गेलं नव्हतं. सगळा फरक इथे आहे.

आणि बदल? वेंटवर्थला कणखर मनाची मुलगी हवी असते, म्हणून तो लुइझा मस्ग्रोव्हकडे झुकतो. लाइमच्या समुद्रकाठी ती हट्टाने पायऱ्यांवरून उडी मारते आणि डोक्यावर आपटते. कणखरपणा आणि हट्ट यांत अंतर असतं, हे त्याला तिथे उमगतं आणि आठ वर्षांपूर्वीच्या अ‍ॅनकडे तो वेगळ्या नजरेने बघू लागतो. अ‍ॅनही ‘माझं चुकलं’ म्हणत नाही. सल्ला कदाचित चुकीचा होता, पण त्या वयात तो मानणं योग्यच होतं, असं ती म्हणते. दोघांनी मिळून भूतकाळाचा अर्थ लावला, तो एकसारखा लागला नाही, आणि तरीही दोघं एकत्र आली.

संशोधकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट पुढेच आहे. ‘पर्स्वेजन’च्या शेवटाचा पहिला खर्डा ऑस्टिनच्या हस्ताक्षरात टिकून राहिला आहे आणि तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. १८१६च्या जुलैत लिहिलेला हा शेवट तिने पुढच्या काही दिवसांत बदलला. पहिल्या खर्ड्यात वेंटवर्थला एक अवघड निरोप पोचवायला लावलेलं आहे : अ‍ॅन चुलत घराण्यातल्या मिस्टर एलियटशी लग्न करणार असेल, तर भाड्याने दिलेलं घर तिला परत हवं आहे का? ती सांगते की असं काही ठरलेलंच नाही. गैरसमज दूर, मनोमीलन.

ऑस्टिनने हे काढून टाकलं. नव्या शेवटात बाथच्या व्हाइट हार्ट या खानावळीत अ‍ॅन आणि कॅप्टन हार्विल पुरुषांचं प्रेम जास्त टिकतं की स्त्रियांचं, यावर बोलत बसलेले आहेत. वेंटवर्थ त्याच खोलीत टेबलाशी लिहीत बसलाय. अ‍ॅनचे शब्द त्याच्या कानावर पडतात आणि तो तिथल्या तिथे तिला पत्र लिहितो.

दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघा. पहिल्यात एक बाहेरची चुकीची माहिती दुरुस्त होते. दुसऱ्यात अ‍ॅन बोलते, तो ऐकतो आणि आठ वर्षांत केलं नाही ते करतो, म्हणजे लिहितो. बाहेरची गाठ सोडवणारा शेवट हाताशी तयार असताना ऑस्टिनने तो नाकारला. ‘द नोटबुक’मध्ये अ‍ॅलीच्या हातात पडतात ती एका तरुण पोराने कैक वर्षांपूर्वी लिहिलेली पत्रं. ‘पर्स्वेजन’मधलं पत्र आठ वर्षांनी मोठ्या झालेल्या माणसाने त्या क्षणी लिहिलेलं आहे.

पण दुर्वासाचा शाप?

इथे थांबलो असतो तर निष्कर्ष सोपा होता : बाहेरचा अडथळा वाईट, आतला चांगला. पण एका जोडीवरून नियम काढायचा नसतो. आपल्या विधानाला खोटं पाडणारं उदाहरण मुद्दाम शोधायचं. आणि ते आपल्याला घरातच सापडतं.

कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुन्तल’. मराठी वाचकाला ते निराळं ओळखून द्यायला नको. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून मराठी रंगभूमीने ते आपलंसं केलेलं आहे. महाभारताच्या आदिपर्वात शाप नाही, अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भर दरबारात शकुंतलेला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो आणि लोकांना शंका राहू नये म्हणून असं केलं, असं सांगतो. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली आणि नायकाला दोषातून सोडवलं. रोमिला थापर यांचं ‘शकुंतला’ (१९९९) हे पुस्तक या दोन शकुंतलांमधल्या अंतराचा शोध घेतं. तुलनात्मक अभ्यास कसा करावा याचा नमुना म्हणूनही ते वाचा.

म्हणजे पत्रं लपवणारी आई हे दुर्वासाचंच काम करते! मग शाकुन्तलालाही तोच दोष लावायचा का? नाही लावता येत. कारण कालिदास शापाने दुष्यंताला सोडवतो आणि तिथेच थांबत नाही. अंगठी कोळ्याकडून परत मिळाल्यावर सहावा अंक जवळजवळ पुरता पश्चात्तापाचा आहे. वसंतोत्सव बंद होतो, राजा शकुंतलेचं चित्र काढत, तिच्याशी आपण काय केलं हे उगाळत बसतो. सातव्या अंकात तो तिच्या पाया पडतो. शापाचं कारण कळण्याआधीच त्याने दोष स्वतःचा मानलेला आहे. अडथळा बाहेरचा, पण त्याने झालेली जखम मात्र आत घेतलेली.

तेव्हा विधान दुरुस्त करावं लागलं. अडथळा बाहेरचा की आतला, हा खरा प्रश्न नाही. तो अडथळा दूर झाल्यावर पात्रांना काही उत्तर द्यावं लागतं की नाही, हा प्रश्न आहे. ही दुरुस्ती प्रतिउदाहरण शोधल्यामुळे झाली. त्यामुळे विधान कमकुवत होत नाही, नेमकं होतं.

जो संवाद लिहिला नाही

आता हे नवं मोजमाप घेऊन ‘द नोटबुक’कडे परत जाऊ. उत्तर देण्याची जागा या कादंबरीत आहे का? आहे, आणि अगदी ठळक आहे. अ‍ॅलीने लॉनला शब्द दिलाय. लॉन खलनायक नाही. कामात बुडालेला, पण बरा माणूस आहे. अ‍ॅली नोआकडून निघते, वाटेत गाडी थांबवून त्याचं पत्र वाचते, मग जिथे लॉन वाट बघतोय त्या हॉटेलात जाते. आता तिला काहीतरी बोलावं लागणार. दोघांपैकी एकाला दुखवावं लागणार, आणि यावेळी आईच्या नावावर ते टाकता येणार नाही.

आणि इथे वही मिटते. म्हातारा नोआ वाचायचा थांबतो. ऐकणारी अ‍ॅली विचारते, तिने कुणाला निवडलं? आपल्याला उत्तर कळतं, पण ते घडताना दिसत नाही. अ‍ॅली लॉनला काय म्हणाली, लॉन काय म्हणाला, तिचा आवाज कापला का, यातलं काहीच नाही. (चित्रपटात लॉनबरोबरचा प्रसंग आहे आणि अ‍ॅली सामान घेऊन नोआकडे परत येतानाही दिसते. म्हणूनच चित्रपट बाजूला ठेवा म्हटलं.)

अख्ख्या गोष्टीत अ‍ॅलीची अशी एकच कृती आहे, जिची जबाबदारी फक्त तिची आहे. नेमकी तीच पानाबाहेर घडते. माझी निराशा इथे येऊन ठरते. भावनेचा अतिरेक, गोड भाषा, होडीतले हंस, वादळी पाऊस याबद्दल माझी तक्रार नाही. ते या प्रकाराचे अलंकार आहेत, ते नको असतील तर हे पुस्तक हातात घ्यायचंच कशाला?

पुस्तकाच्या बाजूने

टीकेत प्रतिपक्षाला त्याची सगळ्यात भक्कम बाजू मांडू द्यायची असते. तीन मुद्दे निघतात.

पहिला : वही त्या जागी मिटते, कारण खरी दुसरी संधी १९४६मधली नाहीच, ती शुश्रूषागृहातली आहे. अ‍ॅली रोज विसरते. नोआला रोज पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कधीतरी काही क्षण ती त्याला ओळखते आणि पुन्हा हरवते. ही कल्पना फार सुंदर आहे, हे मान्यच करायला हवं. लाखो वाचक रडले ते याच भागात, आणि ते भोळे होते म्हणून रडले असं म्हणणं हा समीक्षेचा उद्धटपणा होईल. पण बघा, इथेही अडथळा बाहेरचाच आहे : आजार. आणि वाचणारा नोआ, ऐकणारी अ‍ॅली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय तिला सांगितला जातो. तरुणपणी तो पानाबाहेर होता, म्हातारपणी आठवणीबाहेर. कादंबरीने दोन्हीकडे तिला त्याच जागेपासून दूर ठेवलं.

दुसरा : अ‍ॅली बदलते, चित्रकलेकडे परतते. हे खरं आहे, आणि माझ्या वाचनाच्या विरुद्ध जाणारा हा सर्वांत चांगला पुरावा आहे. नोआ तिच्या चित्रांना महत्त्व देतो, पुढे ती नावाजलेली चित्रकार होते. कुणी ‘अ‍ॅलीची दुसरी संधी नोआ नव्हे, चित्रकला आहे’ असं वाचन मांडलं, तर ते मला आवडेल. मात्र चित्रकला सुटली कशी, यात तिचा स्वतःचा वाटा किती, हेही कादंबरीने खोलात जाऊन विचारायला हवं होतं.

तिसरा : लोकप्रिय कादंबरीकडून एवढं मागायचं का? जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून दाखवून दिलं, की त्या बायका डोळे मिटून वाचत नव्हत्या. चांगली कोणती, फसलेली कोणती, याचे त्यांचे निकष ठाम होते. आणि घरकामाच्या धबडग्यात ‘हा वेळ माझा’ म्हणून वाचन ही कृतीच त्यांना मोलाची होती. म्हणजे ‘लोकप्रिय आहे, चालायचंच’ ही सूट त्या वाचकांनीसुद्धा दिली नव्हती. आपण का द्यावी?

शिवाय हे जमतं, हे स्पार्क्सनेच दाखवलं आहे. २००३मध्ये आलेली ‘द वेडिंग’ ही ‘द नोटबुक’च्या पुढची गोष्ट. नोआचा जावई विल्सन लग्नाचा वाढदिवस विसरतो, आणि इतक्या वर्षांत आपण बायकोकडे नीट बघितलंच नाही हे त्याच्या लक्षात येतं. पत्रं कुणी लपवलेली नाहीत, शाप कुणाचा नाही. चूक त्याची आहे आणि तो ती सुधारायला निघतो. ती कादंबरी मोठी आहे असं मी म्हणत नाही, पण ‘दुसरी संधी’ हे शब्द तिला शोभतात.

हातात काय उरलं

सुरुवातीचं वाक्य आता असं लिहिता येईल : ‘द नोटबुक’ पुनर्मीलनाची कथा सांगते, पण विरहाची जबाबदारी पूर्णपणे तिसऱ्या व्यक्तीवर टाकून आणि नायिकेच्या एकमेव जबाबदार निर्णयाला कथनाबाहेर ठेवून ती पुनर्मीलनाला उत्तरदायित्वापासून वेगळं करते. हे विधान कुणी खोडू शकतो. त्यासाठी त्याला पुस्तक उघडावं लागेल, ठरावीक जागा दाखवाव्या लागतील. ‘निराशा करते’ हे वाक्य कुणालाच खोडता येत नव्हतं, म्हणूनच ते निरुपयोगी होतं.

आता तुमच्या विषयासाठी. तुम्हाला खटकलेलं एक लोकप्रिय पुस्तक घ्या, मराठीतलं घेतलंत तर उत्तमच. त्याने कबूल काय केलं होतं ते एका वाक्यात लिहा, आणि ते पुस्तकातलं आहे की तुमच्या मनातलं, हे तपासा. मन नेमकं कोणत्या जागी उतरलं ते प्रकरणासकट नोंदवा. तोच साचा वापरणारं दुसरं पुस्तक शेजारी ठेवा, आणि तिसरं असं शोधा, जे तुमचं विधान खोटं ठरवेल. मग पुस्तकाच्या बाजूने एक पानभर प्रामाणिकपणे लिहा. ते लिहूनही तुमचा आक्षेप टिकला, तर तो आराखड्यात घाला.

आणि टिकला नाही, तर पुस्तक पुन्हा वाचा. हरकत नाही, त्यालाही एक दुसरी संधी देऊन बघा.